बडोद्यात घर लावताना: दहा-पंधरा वर्षं डोळ्यांत न खुपणारं इंटिरिअर कसं करावं

गोत्री, वासणा-भायली किंवा मांजलपूरला नवा फ्लॅट ताब्यात आला की पहिल्या आठवड्यात सगळे नातेवाईक मोबाइलवर फोटो पाठवू लागतात. टीव्हीमागे नालीदार पट्ट्या, छताला निळा लाइट, चकचकीत पांढरं किचन. तीन वर्षांनी पट्ट्यांच्या खाचांत धूळ, निळी स्ट्रिप अर्धी बंद आणि किचनच्या पांढऱ्यावर हळदीचे डाग. काम वाईट झालं म्हणून असं होत नाही. फॅशन चुकीच्या जागी गेली म्हणून होतं.

या लेखातल्या प्रत्येक पायरीला एकच कसोटी लावायची आहे: वस्तू बदलायला किती फोडावं लागेल? फरशी, वायरिंग, कपाटांचे सांगाडे आणि ओटा बदलायचा तर घर रिकामं करावं लागतं, म्हणून ते साधे आणि शांत हवेत. पडदे, उशा, दिवे, हँडल आणि भिंतीचा रंग दोन दिवसांत बदलतो. हौस तिथे करा, भरपूर करा.

आधी हे जमवा

कागद: बिल्डरचा फ्लोअर प्लॅन, वायरिंग आणि प्लंबिंगचा नकाशा, पझेशन लेटर, सोसायटीची लेखी परवानगी. परवानगीत कामाच्या वेळा, मलबा टाकायची जागा आणि लिफ्टमधून प्लाय नेता येईल का, हे लिहून घ्या. आठ फुटी शीट बऱ्याच लिफ्टमध्ये मावत नाही, मग जिन्याच्या मजुरीवरून वाद होतो.

हत्यारं: पाच मीटरचा टेप, पाणसळ, पेन्सिल, चौकटीची वही, एक नाणं. नाण्याचं काम तिसऱ्या पायरीत आहे.

१. मोजा, आणि थोडं थांबा

खोलीची लांबी दोन ठिकाणी मोजा: जमिनीलगत आणि चार फुटांवर. नव्या इमारतींतही अर्धा-पाऊण इंचाचा फरक निघतो. सुतार इंच आणि सुतात बोलतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), तेव्हा वहीतही तसंच लिहा. खिडकीचा उंबरा किती उंच आहे, दार कुठल्या बाजूला उघडतं, बीम किती खाली येते, एसीची पाइप कुठून बाहेर जाते, हे सगळं नोंदवा.

मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला, दुपारी तीनला आणि संध्याकाळी साडेपाचला घरात जा. पश्चिमेच्या खिडकीतून एप्रिल-मेचं ऊन किती आत येतं, त्यावर सोफा, व्हिनिअर आणि पडदे ठरतात. जिथे रोज दोन-तीन तास ऊन पडतं तिथे गडद कापड विटतं आणि लाकडाच्या व्हिनिअरचा रंग बदलतो. फोटोफ्रेम काढली की खाली वेगळा चौकोन दिसतो तो यामुळेच.

आता घरातल्या माणसांची आणि सणांची यादी करा. हे इंटिरिअर डिझायनर क्वचित विचारतात. गणपती दीड दिवसाचा असो की दहा, मखरासाठी हॉलमध्ये चार-पाच फुटांची एक मोकळी भिंत हवी, तिच्याजवळ सॉकेट हवा आणि तिथे एसीचा झोत थेट येऊ नये, नाहीतर समई विझत राहते. हळदीकुंकवाला पंधरा बायका खाली बसणार असतील तर मधलं जड टीपॉय उचलता येईल असं घ्या. भिंत न् भिंत कपाटांनी भरली की गौरी-गणपतीला सगळं घर हलवावं लागतं.

२. पाणी, वाळवी आणि भिंत

सुताराला बोलावण्याआधी तीन गोष्टी उरका.

वाळवीचं औषध आधी मारून घ्या. तळमजला आणि पहिला मजला असेल तर टाळाटाळ नकोच. भिंत आणि जमीन मिळते तिथे ठरावीक अंतरावर भोकं पाडून औषध सोडतात. उभ्या इमारतीसाठी याची पद्धत आयएस (भारतीय मानक) ६३१३ च्या तिसऱ्या भागात दिली आहे. तो क्रमांक कोटेशनमध्ये लिहायला सांगा. नुसता वरवर फवारा मारून जाणारा माणूस या क्रमांकानेच ओळखू येतो.

बाथरूमला लागून कपाट येणार असेल तर ती भिंत पावसाळ्यात एकदा पाहा. पोपडे किंवा पांढरी खारी पावडर दिसली तर आधी बाथरूमच्या बाजूने गळती बंद करा. ओल्या भिंतीवर कितीही चांगला प्लाय चिकटवला तरी मागून बुरशी येतेच. भिंत सुकी असली तरी कपाटाच्या पाठीमागे अर्धा इंच हवा खेळू द्या.

भिंत कशाची आहे, तेही विचारा. नव्या इमारतींत हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती खूप असतात. त्यात साधा प्लास्टिकचा गिट्टा काही महिन्यांत सैल होतो. भांड्यांनी भरलेलं वरचं कपाट किंवा गीझर टांगायचा तर लांब फ्रेम फिक्सर किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागे पट्टी लागते.

नदीकाठच्या किंवा सखल भागातल्या तळमजल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी अनेक सोसायट्यांच्या तळमजल्यांत शिरलं. अशा घरात जमिनीपासून तीन फुटांपर्यंत प्लायचं पक्कं काम करू नका. खाली दगडाचे किंवा विटांचे कट्टे करा, फर्निचर सुटं आणि भरीव सागाचं ठेवा, सॉकेट चार फुटांवर घ्या. भिजलेला साग वाळवून पुन्हा पॉलिश करता येतो. भिजलेला पार्टिकल बोर्ड फुगून फुटतो, त्याचं पुढे काही होत नाही.

३. फरशी: बिल्डरने घातलीय ती आवडत नसली तरी

शक्यतो ती ठेवा. एका कोपऱ्यात बसा आणि नाण्याने प्रत्येक टाइलवर ठोका. पोकळ आवाज आला की खडूने खूण करा आणि ताबा घेतानाच बिल्डरकडून दुरुस्ती मागा. मोठ्या टाइल्सच्या कडेला पोकळी असली की जड पलंगाचा पाय तिथेच तडा पाडतो.

नवीन घालायची असेल तर टाइल्सचं मोठं केंद्र असलेलं मोरबी गुजरातेतच आहे आणि पर्याय ढीगभर आहेत. इथेच लोक भुलतात. संगमरवराची नक्कल असलेल्या टाइलमध्ये काळ्या-सोनेरी शिरांचं एकच डिझाइन चार-चार टाइलनंतर परत येतं आणि मोठ्या हॉलमध्ये ते लगेच कळतं. फिकट बेज, वाळूसारखा किंवा राखी, डिझाइन जवळजवळ नसलेला मॅट टाइल दहा वर्षांनीही कुठल्याही सोफ्याला चालतो. कोटा दगडाचं काम येणारा कडिया (गवंडी) मिळाला तर कोटाही उत्तम, फक्त पॉलिश नीट करून घ्या.

हिशेब असा. ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या बॉक्समध्ये बहुधा चार टाइल येतात, म्हणजे साधारण साडेपंधरा चौरस फूट. १२ बाय १४ ची खोली १६८ चौरस फुटांची. दहा टक्के तोड धरली की १२ बॉक्स होतात. तेरावा जास्तीचा घ्या आणि माळ्यावर ठेवून द्या. सगळ्या बॉक्सवर बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, ते उतरवतानाच बघा. वेगळ्या बॅचचा रंग दुकानात कळत नाही, जमिनीवर मांडला की दिसतो. सांधा दोन-तीन मिलिमीटरचा ठेवा, अगदी भिडवून टाइल लावू देऊ नका. किचन आणि बाथरूममध्ये सांध्यांत इपॉक्सी भरा, साधं पांढरं सिमेंट वर्षभरात काळं पडतं.

४. वायरिंग: न दिसणारी, पण घर जुनं करणारी गोष्ट

एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळायला लागले की महागडं घरही जुनाट दिसतं. फर्निचर कुठे येणार हे आधी जमिनीवर खडूने आखा, मगच पॉइंट ठरवा.

पलंगाच्या दोन्ही बाजूंना दोन फुटांवर सॉकेट आणि खोलीच्या दिव्याचा टू-वे स्विच. ओट्यावर किमान चार सॉकेट, त्यातले दोन १६ अँपिअरचे. पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनसाठी वेगळा. देवघराजवळ एक. झाडू-पोछाच्या यंत्रासाठी पॅसेजमध्ये एक, हा नेहमी विसरतो. दिव्यांना दीड, जड उपकरणांना अडीच आणि दीड टनाच्या एसीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी मुख्य बोर्डात बसवून घ्या.

टीव्हीच्या मागून खालच्या कपाटापर्यंत दोन इंची रिकामा पाइप टाकून ठेवा. पुढे कुठली वायर लागेल हे आज सांगता येत नाही, पण लागेल हे नक्की. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा. नंतर चित्र टांगताना ड्रिल वायरीत जात नाही.

दिव्यांमध्ये गोंधळ केल्व्हिनचा होतो, म्हणजे उजेड पिवळसर की पांढरा हे सांगणाऱ्या आकड्याचा. हॉल आणि बेडरूममध्ये ३०००, किचन आणि अभ्यासाच्या टेबलावर ४०००. ६५०० च्या पांढऱ्याफेक उजेडात भिंतीचा कुठलाही रंग आजारी दिसतो. एका खोलीत दोन वेगळे नंबर मिसळू नका. आरशासमोर, जिथे साडी-ब्लाउज जुळवून पाहतात, तिथे ९० च्या आसपास सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) दिवा घ्या.

५. छत

पूर्ण हॉलला फॉल्स सीलिंग हवंच असं नाही. खाली साडेआठ फूट मोकळे राहणार नसतील तर विचार सोडा. करायचं तर कडेने एकच साधी पट्टी, गोल-गोल पायऱ्या नकोत. दिवे बाजारात सहज मिळणाऱ्या मापाच्या भोकांत बसवा, चार वर्षांनी एक बिघडला तर सगळे बदलावे लागणार नाहीत. पंख्याचा हुक स्लॅबलाच हवा.

६. झोपाळा

बडोद्याच्या मराठी घरात झोपाळा गुजराती शेजारामुळे आला की आधीपासून होता, यावर वाद घालायला रविवार पुरत नाही. पण फ्लॅटमध्ये तो लावताना सगळ्यात जास्त चुका होतात.

फळी पाच बाय दोन फुटांची असेल तर पुढे-मागे मिळून सहा-सात फूट मोकळी जागा लागते. बसायची उंची १६ ते १८ इंच. वजन फक्त बसलेल्या तिघांचं धरू नका, हलताना कड्यांवर त्याहून जास्त ताण येतो. हुक स्लॅब ओतताना सळईला बांधलेला असेल तर उत्तम. नसेल तर बीममध्ये केमिकल अँकर, तोही इंजिनिअरला विचारून. तुमच्या इमारतीत पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर ड्रिल लावायचंच नाही, आतल्या ताणलेल्या केबलला धक्का लागला तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. बिल्डरकडून हे लेखी घ्या. जागा किंवा हुक जमत नसेल तर सुट्या स्टँडचा झोपाळा घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

कुठला घ्यावा? संखेडा इथून फार लांब नाही. पूर्वी तो बडोदा जिल्ह्यात होता, आता छोटा उदेपूरमध्ये मोडतो. सागाचे लेथवर कातलेले पाय आणि लाखेचं मरून-सोनेरी काम ही तिथली ओळख, तिला भौगोलिक मानांकनही आहे. एखादीच वस्तू अशी घ्या: झोपाळा, नाहीतर दोन खुर्च्या. संपूर्ण सेट घेतला की हॉल लग्नाच्या मंडपासारखा दिसतो. ओल्या फडक्याने पुसू नका, थेट उन्हात ठेवू नका.

७. सुतारकाम: पैसा इथे जातो आणि फसवणूकही इथेच होते

प्लाय. किचन, सिंक आणि बाथरूमजवळ आयएस ७१० चा मरीन (पाणी सोसणारा), बेडरूमच्या कपाटांना आयएस ३०३ चा चालतो. शीटवर आयएसआयचं चिन्ह आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतं का पाहा. नुसतं «वॉटरप्रूफ», «जेन्युइन ७१०» असं छापलेलं काहीच सिद्ध करत नाही. सुताराला शीट कापण्याआधी तुमच्यासमोर मोजू द्या आणि शिक्क्यांचे फोटो घ्या.

सात फूट उंच, सहा फूट रुंद, दोन फूट खोल कपाटाला किती लागतं ते पाहा. दोन बाजू २८ चौरस फूट, मधली उभी फळी १४, वर-खाली २४, तीन बाय दोनचे आठ कप्पे ४८, दारं ४२. एकूण १५६. आठ बाय चारची एक शीट ३२ चौरस फुटांची, म्हणजे हिशेबाने पाचच्या आत. पण तोडीची दहा-बारा टक्के धरली की १८ मिलिमीटरच्या सहा शीट. पाठीला सहा मिलिमीटरच्या दोन. कोणी नऊ-दहा सांगितल्या तर कागद-पेन्सिल पुढे करा. कपाटाची खोली पावणेचोवीस इंच ठेवली की एका शीटमधून दोन लांब तुकडे निघतात. सव्वीस इंच मागितली की प्रत्येक शीटची मोठी पट्टी वाया जाते.

दारं वाकतात ती बहुधा एकाच कारणाने. बाहेरून एक मिलिमीटरचा लॅमिनेट लावतात आणि आतून नुसता रंग मारतात. दोन्ही बाजू सारख्या ओढल्या गेल्या नाहीत की पावसाळ्यात दार धनुष्य होतं. आतूनही ०.८ चा लॅमिनेट लावायचाच. दाराची रुंदी वीस इंचांच्या पुढे नेऊ नका, माळा वेगळ्या दारांचा करा. सात फुटी दाराला चार बिजागऱ्या. आणि मे महिन्यात बसवलेल्या ड्रॉवरला दोन-तीन मिलिमीटर फट सोडायला सांगा, ऑगस्टमध्ये ती लागते.

रंग-पोत: बाहेर मॅट, फिकट लाकडी किंवा मऊ राखी. हाय-ग्लॉसवर बोटांचे ठसे आणि ओरखडे दोन्ही दिसतात. नालीदार पॅनेल हवंच असेल तर दोन फुटांत भागवा, रोज ब्रशने झाडायची तयारी ठेवा. हँडलच्या दोन भोकांतलं अंतर ९६ किंवा १२८ मिलिमीटर ठेवा. ही मापं सर्रास मिळतात. पाच वर्षांनी हँडल बदलली की कपाट नवं दिसतं, सुतार लागत नाही.

दर ठरवताना «फुटाचा भाव» म्हणजे नेमकं काय ते विचारा. बरेच जण समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा भाव सांगतात, आणि नंतर ड्रॉवर, आतला लॅमिनेट, चॅनेल, कुलूप वेगळं लावतात. बडोद्यात काम करणारे बरेचसे सुतार राजस्थानचे, ठेकेदार गुजराती आणि तुम्ही मराठी. तोंडी ठरलेलं तीन भाषांत तीन प्रकारे आठवतं. प्रत्येक कपाटाचं मापासकट चित्र काढा आणि दोघांची सही घ्या.

८. ओटा

स्वयंपाक करणाऱ्या माणसाला उभं करा, कोपर वाकवा, कोपरापासून चार इंच खाली ओट्याची उंची. बहुतेकांना ३२ ते ३४ इंच येते. नणंदेच्या घरी ३६ आहे म्हणून तुमच्याकडे नको. खालची दारं कमी, ड्रॉवर जास्त. गुडघे दुखायला लागले की याचं महत्त्व कळतं. काळा ग्रॅनाइट कंटाळवाणा वाटतो, पण हळद, लिंबू, गरम कुकर सगळं सोसतो. पाइप गॅसचा मीटर आणि व्हॉल्व्ह बंद कपाटात कोंडू नका.

बोअरचं पाणी असलेल्या सोसायटीत काळे मॅट नळ घेऊ नका. क्षारांचे पांढरे डाग महिन्याभरात दिसतात. साधा क्रोम व्हिनेगरच्या फडक्याने पुसता येतो.

देवघराच्या मागे आणि खाली दगड किंवा टाइल. समईच्या वर प्लायचा कप्पा नको, काजळीने काळा होतो आणि तापतो.

९. रंग, पडदे, पैसे

नवं प्लास्टर चार आठवडे सुकू द्या. मग प्राइमर, दोन हात पुट्टी, पुन्हा प्राइमर, रंगाचे दोन हात. शेवटचा हात सुतार गेल्यावर. शेडकार्डवरून रंग ठरवू नका, दोन बाय दोन फुटांचे तीन नमुने भिंतीवर लावा आणि सकाळ-संध्याकाळ दोन दिवस पाहा. गडद रंगाची एक भिंत हवी असेल तर खुशाल करा, पण भिंतीवरच, लॅमिनेटवर नाही. पश्चिमेच्या पडद्यांना अस्तर लावा. पडदे छताजवळून जमिनीपर्यंत सोडले की खोली उंच वाटते.

पैसे एकदम देऊ नका. दहा टक्के इसार, माल घरात आल्यावर तीस, सांगाडे उभे राहिल्यावर तीस, लॅमिनेट आणि फिटिंग झाल्यावर वीस. उरलेले दहा टक्के महिनाभराने. त्या महिन्यात प्रत्येक दार उघडून बंद करा, ड्रॉवर भांड्यांनी भरा, सिंकखाली कोरडं वर्तमानपत्र ठेवून आठवड्याने पाहा. पावसाळा तोंडावर असेल तर शेवटचा हप्ता पहिल्या चांगल्या पावसानंतर ठरवा, ठेकेदार कुरकुरेल, पण मानतो.

एका फाइलमध्ये टाइलची बॅच, लॅमिनेटचा कोड, रंगाचा कोड, बिलं, वायरिंगचे फोटो आणि सुताराचा नंबर ठेवा. उरलेला लॅमिनेटचा तुकडा पलंगाखाली आडवा ठेवा. उभा ठेवला तर तो वाकतो.